सतराव्या बारमधील टाय

नाताळच्या तयारीची ती तिसरी तालीम होती आणि मी संगणकावर लिहून छापलेली पाने त्या दिवशी पहिल्यांदाच गायनवृंदाच्या हातात पडली होती. गीत जुने, मराठी, चार आवाजांत बांधलेले: वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बेस. आमच्या चर्चच्या मंडळीत अनेक वर्षे ऑर्गन वाजवणाऱ्या सरांनी ते शाईने लिहून ठेवले होते. त्या हस्तलिखिताच्या छायाप्रतींवरून काढलेल्या छायाप्रती आता इतक्या फिकट झाल्या होत्या की नव्याने आलेल्या मुलांना टेनरची ओळ कुठे संपते आणि शब्द कुठे सुरू होतात हेही कळत नव्हते. म्हणून पावसाळाभर रोज संध्याकाळी बसून मी ते सगळे पुन्हा लिहून काढले. तालमीत सोळा बार, म्हणजे उभ्या रेघांनी पाडलेले तालाचे भाग, व्यवस्थित गेले. सतराव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर मात्र, जो स्वर मागच्या बारमधून नुसता धरून आणायचा होता, तो आल्टोच्या पाचही जणींनी पुन्हा नव्याने उच्चारला.

चूक बारीक वाटेल, पण त्या जागी सारे गीत त्या एका स्वरावर तोललेले आहे. सोळाव्या बारच्या शेवटी ‘एफ’ मेजर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा मेळ, आहे: बेस ‘एफ’वर, टेनर ‘सी’वर, आल्टो वरच्या ‘एफ’वर आणि सोप्रानो ‘ए’वर. सतराव्या बारला कॉर्ड बदलते, बेस ‘सी’वर उतरतो, सोप्रानो ‘ए’ सोडून ‘जी’वर येते आणि आल्टो तेवढी मागे राहते, आपला ‘एफ’ ती सोडत नाही. नव्या कॉर्डमध्ये तो ‘एफ’ खटकतो, शेजारच्या ‘जी’ला घासतो, दोन ठोके तसाच टिकतो, आणि मग तो ‘ई’वर उतरला की सगळे मोकळे होते. पाश्चात्त्य संगीतात याला सस्पेन्शन म्हणतात. खटकणारा स्वर क्षणापूर्वी त्याच जागी सुखाने नांदत होता आणि त्याच्याभोवतीचे स्वर तेवढे बदलले, हे कानाला कळले तरच त्या खटकण्यात गोडी उतरते. तोच स्वर पुन्हा उच्चारला की ऐकणाऱ्याला वाटते, आल्टो चुकीच्या जागी आली.

तालीम थांबवून मी एकीचे पान मागून घेतले. टाय, म्हणजे स्वर धरून ठेवायला सांगणारी छोटी कमान, तिथे होता. फाइलीत होता, छापलाही गेला होता, पण तो दिसत नव्हता. ‘एफ’ ही नोट पंचरेषेच्या, म्हणजे नोटा ज्यांवर लिहितात त्या पाच आडव्या रेघांच्या, सर्वांत खालच्या घरात, दोन रेघांमधल्या जागेत बसते, आणि दोन आवाज एकाच पंचरेषेवर असले की खालच्या आवाजाचा टाय खाली वळतो. दोन नोटांमधले अंतर कमी होते, त्यामुळे कमान उथळ झाली होती आणि तिचे पोट नेमके सर्वांत खालच्या रेघेवर येऊन विसावले होते. रेघ तेवढ्या भागात किंचित जाड दिसत होती, इतकेच. त्याच वेळी ‘एफ’पासून ‘ई’पर्यंत जाणारा स्लर, म्हणजे वेगवेगळे स्वर जोडणारी कमान, नोटांच्या दांड्यांच्या टोकांखाली, मोकळ्या जागेत, स्वच्छ उमटला होता. आल्टोतल्या सर्वांत ज्येष्ठ मावशी म्हणाल्या, “अगं, खाली स्लर दिसतोय ना, म्हणून तिन्ही स्वर जोडून घेतले आम्ही.” त्यांनी पानावर जे होते तेच वाचले होते. माझ्या पानावर ‘एफ’, ‘एफ’ आणि ‘ई’ असे तीन जोडलेले स्वर होते. त्यांतले पहिले दोन मिळून एकच स्वर आहे, हे सांगणारी रेघ पंचरेषेत विरघळून गेली होती.

टाय आणि स्लर दोन्ही दिसायला कमानीच. टाय एकाच उंचीच्या दोन नोटा जोडतो आणि त्यांचा एक लांब स्वर करतो. स्लर वेगवेगळ्या स्वरांवरून जातो आणि ते न तोडता, एका श्वासात म्हणायला सांगतो. पाश्चात्त्य स्वरलेखनातील बहुतेक खुणा काहीतरी करायला सांगतात: जोरात म्हणा, तोडून म्हणा, हळूहळू वाढवा. टाय दुसऱ्या नोटेपाशी काहीही नवे करू नका, असे सांगतो. पुढे एक पूर्ण नोट छापलेली आहे, तिला डोके आहे, दांडी आहे, आणि ती पाहताच गाणाऱ्याचा श्वास आपोआप तयारीला लागतो. त्याला थोपवायचे काम त्या केसाएवढ्या कमानीकडे असते. फोर्टेची, म्हणजे जोरात म्हणायची, खूण थोडी झाकली गेली तर गाणारा इतरांकडे पाहून सावरून घेतो. टाय झाकला गेला तर सावरायला वेळच उरत नाही, कारण चूक त्या ठोक्यावरच होऊन गेलेली असते.

लहानपणी मी पेटी शिकले ती भातखंडे पद्धतीच्या वह्यांवरून, आणि लांबवलेला स्वर लिहायची ती रीत माझ्या डोळ्यांत अजून बसलेली आहे. विष्णु नारायण भातखंड्यांच्या त्या लेखनपद्धतीत स्वर पुढच्या मात्रेवर टिकला की तिथे एक आडवी रेघ येते आणि तिच्याखाली, गीताच्या ओळीत, अवग्रह (ऽ) येतो. कमानी तिथेही आहेत. स्वरांखालची कमान ते स्वर एका मात्रेत बसवायचे असे सांगते आणि स्वरांवरची कमान मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, दाखवते. परंतु टिकण्याचे काम कमानीकडे दिलेले नाही. टिकण्याला स्वतःची मात्रा आहे, स्वतःचा रकाना आहे, आणि त्या रकान्यात दुसरे कोणी येत नाही. स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पंचरेषेवरच्या पाश्चात्त्य लेखनात, टायला असे स्वतःचे घर नाही. नोटा, दांड्या, नोट लांबवणारे ठिपके, स्वर चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या शार्प-फ्लॅटच्या खुणा, बारच्या रेघा हे सगळे आपापल्या जागी बसल्यावर जी जागा उरते, तिच्यातून टायला वाट काढावी लागते. टायच्या टकरींबद्दलचे सगळे नियम मला याच एका गोष्टीतून निघालेले वाटतात.

ते नियम मी त्या तालमीनंतर नीट वाचू लागले, आणि जी गोष्ट मी दोन महिने संगणकावर सोडून दिली होती तिच्यावर किती पिढ्यांनी विचार केला आहे हे पाहून मन भरून आले. पंचरेषेवर एकच आवाज असेल तर टाय दांडीच्या विरुद्ध बाजूला, नोटेच्या डोक्याकडून वळतो. त्याच पंचरेषेवर दुसरा आवाज आला की वरच्याचा टाय वर आणि खालच्याचा खाली, म्हणजे दोघांचेही टाय आता दांडीच्या बाजूला. एवढ्या एका बदलाने सगळी अडचण सुरू होते. वरच्या आवाजाच्या नोटेची दांडी उजवीकडून वर जाते, म्हणून टायला तिच्या पलीकडून निघावे लागते, आणि नोट आठव्या भागाची असेल तर दांडीला लोंबणारे निशाणही त्याच वाटेवर येते. खालच्या आवाजाच्या नोटेची दांडी डावीकडून खाली उतरते, म्हणून टायला तिच्या अलीकडे थांबावे लागते. ठिपका असलेल्या नोटेचा टाय डोक्यांच्या मधल्या जागेत बसवायचा असेल तर तो ठिपक्यानंतर सुरू व्हायला हवा. टायची टोके रेघेला चिकटलेली नसावीत आणि त्याचा सर्वांत जाड, सर्वांत सपाट मधला भाग रेघेवर तर मुळीच पडू नये; रेघ ओलांडायची असेल तर ती कमानीच्या चढत्या किंवा उतरत्या भागाने, तिरपी ओलांडावी. माझ्या सतराव्या बारमध्ये नेमका हाच नियम मोडला होता.

तिथे आणखी एक अडचण होती, जी मला पान हातात घेईपर्यंत सुचलीही नव्हती. ‘एफ’ आणि ‘जी’ हे शेजारचे स्वर आहेत, त्यांची डोकी एकाखाली एक मावत नाहीत. अशा वेळी वरच्या आवाजाची नोट डावीकडे राहते आणि खालच्या आवाजाची नोट तिच्या उजवीकडे सरकते, म्हणजे दोघींच्या दांड्या मध्यभागी जवळजवळ एका रेषेत येतात. त्यामुळे आल्टोचा टाय आपल्या दुसऱ्या ‘एफ’कडे निघाला की वाटेत सोप्रानोच्या ‘जी’चे डोके लागते. त्या डोक्याच्या खालून आणि खालच्या रेघेच्या वरून जाणारी फट अर्ध्या घराएवढी. सस्पेन्शन कानाला जिथे घासते तिथेच पानावरही दोन स्वर एकमेकांना खेटून उभे असतात आणि त्यांच्यामधून ही कमान जायची असते. त्या रात्री मी ती जागा संगणकावर आठपट मोठी करून पाहिली आणि बराच वेळ नुसती पाहत राहिले.

हे आधी का लक्षात आले नाही, याचे कारण सांगितले पाहिजे. लिहिताना प्रत्येक पान मी संगणकाकडून वाजवून घेत असे, आणि वाजवताना सतरावा बार बिनचूक वाजत होता. ‘एफ’ धरला जाई, ‘ई’वर उतरे, मी समाधानाने पुढच्या बारकडे वळत असे. परंतु संगणक आपले छापलेले पान वाचून वाजवत नाही. त्याच्याजवळ टायची नोंद वेगळी असते आणि टायचे चित्र वेगळे. एका सॉफ्टवेअरमधील संगीत दुसऱ्यात नेण्यासाठी म्युझिकएक्सएमएल नावाची जी फाइल वापरतात, आणि जिची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली, तिच्यात तर हे उघडपणे दिसते: धरलेल्या स्वरासाठी, म्हणजे आवाजासाठी, एक खूण असते आणि पानावर दिसणाऱ्या कमानीसाठी दुसरी. ऑगस्ट २०२४ मध्ये फिनाले या संगीत लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचा विकास थांबवत असल्याचे जाहीर झाले आणि १९८८ पासून त्यात लिहीत आलेल्या लोकांसमोर आपले संगीत या मार्गाने दुसरीकडे हलवायचा प्रश्न उभा राहिला. अशी हलवलेली फाइल वाजवून पाहिली की सगळे जागच्या जागी असल्यासारखे वाटते, आणि कमानी नव्या घरात कुठे जाऊन बसल्या हे मात्र डोळ्यांनीच तपासावे लागते. कानाने केलेली तपासणी डोळ्याच्या उपयोगी पडत नाही, हे मी त्या तालमीत शिकले. तेव्हापासून मी पान आधी कागदावर काढते, हातभर अंतरावर धरते आणि गाण्याच्या वेगाने नुसते डोळ्यांनी वाचते.

दुरुस्ती करायला मी लिलिपाँड या संगीत लिहिण्याच्या सॉफ्टवेअरकडे वळले. हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच संगीतप्रेमींनी १९९६ मध्ये ते सुरू केले, हाताने कोरलेल्या जुन्या छापील पानांचा देखणेपणा संगणकाच्या पानांत उतरत नाही या खंतीतून. त्यात माउसने नोटा ठेवायच्या नसतात; साध्या मजकुरात स्वरांची अक्षरे लिहायची आणि टाय हवा तिथे एक छोटी नागमोडी रेघ द्यायची. म्यूझस्कोर, डोरिको यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पान डोळ्यांसमोर असते, कमान उचलून वर-खाली करता येते, एका कळीने तिची दिशा पालटता येते, टायची टोके डोक्यांच्या मध्ये हवीत की डोक्यांच्या बाहेर हेही ठरवता येते; घाईच्या कामाला तेच बरे. मला मात्र कमान का हलली हे लिहून ठेवायचे होते, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला ते पान हाती घ्यावे लागले तर कारण त्याच्यासमोर असेल.

लिलिपाँड टायची जागा कशी ठरवते हे वाचताना मला त्या मांडणीबद्दल फार आदर वाटला. ते एका कॉर्डच्या टायांसाठी अनेक शक्य जागा मांडून पाहते आणि प्रत्येक दोषाला दंडाचे गुण लावते. टाय रेघेला चिकटला तर दंड, ठिपक्यावर गेला तर दंड, दुसऱ्या टायला घासला तर दंड, फार आखूड झाला तर दंड, चुकीच्या बाजूला वळला तर दंड. ज्या मांडणीचा एकूण दंड सर्वांत कमी भरतो ती छापली जाते. निर्दोष जागा सापडेलच असे यात कुठेही धरलेले नाही. गच्च भरलेल्या बारमध्ये कोणता तरी दोष पत्करावाच लागतो, आणि कोणता दोष वाचणाऱ्याला सर्वांत कमी अडेल हे कोणीतरी आधी बसून, शेकडो जुनी पाने पाहून, आकड्यांत लिहून ठेवलेले आहे. हे काम करणाऱ्यांनी नोटा वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्याचा विचार किती बारकाईने केला असेल, असे मला वारंवार वाटले.

आमच्या गीताच्या शेवटी ऑर्गनच्या उजव्या हाताला ‘एफ’, ‘ए’, ‘सी’ आणि वरचा ‘एफ’ अशी ठिपका असलेली कॉर्ड पुढच्या बारमध्ये धरून न्यायची आहे, आणि ऑर्गनवर तिला फार महत्त्व आहे, कारण ऑर्गनचा स्वर पियानोसारखा आपोआप विरत नाही. बोट उचलेपर्यंत तो पूर्ण भरलेला असतो आणि पुन्हा दाबला की तुटलेला लगेच कळतो. चार टाय, चार ठिपके. वरच्या दोन नोटांचे टाय वर आणि खालच्या दोनचे खाली ही रीत. पण चारांपैकी तीन नोटा घरांमध्ये बसतात, म्हणून त्यांच्या कमानींची पोटे आपोआप जवळच्या रेघेकडे ओढली जातात. लिलिपाँडमध्ये अशा कॉर्डच्या प्रत्येक टायची उंची आपण स्वतः सांगू शकतो. मधली रेघ शून्य धरायची आणि अर्ध्या घराची एक पायरी मोजायची. मग पंचरेषेच्या रेघा सम आकड्यांवर येतात आणि घरे विषम आकड्यांवर. उंचीच्या आकड्याशेजारी १ लिहिला तर कमान वर, उणे १ लिहिला तर खाली. इथे एक बारकावा आहे, आणि तो मला अतिशय सुंदर वाटतो. उंची पूर्णांकात लिहिली, म्हणजे नुसते ० किंवा ३, तर सॉफ्टवेअर ती सूचना मानते आणि रेघा टाळण्यासाठी त्या उंचीच्या आसपास टायची जागा स्वतः सुधारते. तीच उंची दशांश चिन्हासह, ०.० किंवा ३.० अशी लिहिली, तर ते ती आज्ञा मानते आणि टाय तिथेच ठेवते, रेघेला चिकटला तरीही. एका टिंबाचा फरक, पण त्या टिंबात माणूस म्हणतो की आता ही जबाबदारी माझी. मी चारही उंची पूर्णांकात लिहिल्या, तीन टाय सुरेख बसले. ‘ए’चा टाय तेवढा ठिपक्याला टेकत होता, त्याला मी दशांशात सांगितले आणि कागदावर काढून दोनदा पाहिले.

सतराव्या बारचा उपाय त्या मानाने साधा निघाला. टाय पंचरेषेच्या आत कुठेही ठेवला तरी त्याला ‘जी’चे डोके किंवा खालची रेघ आडवी येणारच होती. म्हणून मी तो अख्खा पंचरेषेच्या बाहेर, खालच्या रेघेच्या खाली आणला. टोके रेघेपासून सुटी, पोट मोकळ्या जागेत, उजवे टोक दुसऱ्या ‘एफ’च्या दांडीच्या अलीकडे थांबलेले. शिवाय त्या दोन नोटांमधले अंतर थोडे वाढवले, म्हणजे कमानीला वळायला वाव मिळाला. दांड्यांच्या टोकांखालचा स्लर होता तिथेच राहिला, पण आता त्याच्या आत दुसरी, लहान कमान स्पष्ट दिसत होती.

नोटांमधले अंतर वाढवताना मला धातूच्या पत्र्यांवर संगीत कोरणारे कारागीर आठवले. लाइपझिगसारख्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा चालला. कथिल आणि शिसे मिसळलेल्या मऊ धातूचा पत्रा घ्यायचा, पाच दातांच्या हत्याराने त्यावर एकदम पाचही रेघा ओढायच्या, नोटांची डोकी आणि चिन्हे पोलादी ठशांनी ठोकायची, आणि हे सर्व उलटे, आरशातल्यासारखे, कारण छापल्यावर ते सुलटे यायचे. टाय आणि स्लर यांना ठसा नसे. प्रत्येक कमानीची लांबी आणि वळण वेगळे, म्हणून त्या हाताने, कोरणीने कापाव्या लागत. आधी ठोकलेले डोके धातूवरून सहज सरकवता येत नाही. म्हणजे सतराव्या बारसारख्या जागी टायला वाट लागणार हे त्या माणसाला पहिला ठसा ठोकण्याआधी ठाऊक असायला हवे आणि तेवढी जागा त्याने रिकामी सोडलेली असायला हवी. मी टाय हलवून, अंतर वाढवून, पुन्हा मागे घेऊन पाहू शकते. त्याला ती रिकामी जागा आधीच मनात दिसावी लागे.

आणि मग एक अडचण अशी आली की तिच्याबद्दल मी वाचलेल्या नियमांत काहीच नव्हते, कारण ते नियम रोमन अक्षरांतली गीते धरून लिहिलेले होते. चार आवाजांची गीते दोन पंचरेषांवर लिहितात तेव्हा शब्द दोन्हींच्या मध्ये येतात. वर आल्टोचे टाय खाली वळलेले, खाली टेनरचे टाय वर वळलेले, आणि मध्ये मराठी. आपल्या अक्षरांना शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार आहेत, आणि पायाशी उकार आहेत. म्हणजे ओळ दोन्ही बाजूंनी कमानींकडे हात पसरते. पाचव्या बारमध्ये आल्टो मधल्या ‘सी’वर उतरते, पंचरेषेच्या खाली जादा रेघ घेऊन, आणि तिथे शब्द आहे ‘बापा’. नोटा लहान, टाय आखूड, आणि तो नोटेच्या मध्यापासून उजवीकडे निघालेला, म्हणजे ‘बा’च्या नेमका काना जिथे आहे तिथे, वर. आल्टोत या वर्षी आलेली आठवीतली मुलगी तालीम संपल्यावर पान घेऊन माझ्याकडे आली आणि अगदी गंभीरपणे विचारू लागली, “ताई, हे ‘बॉपा’ असं म्हणायचं का?” तिचे बरोबर होते. खाली झुकलेला आखूड टाय कान्यावर आला की तो अर्धचंद्र होतो, आणि त्याच्या पोटात एखादा अनुस्वार शिरला तर चंद्रबिंदू. खालच्या बाजूने टेनरचा टाय ‘प्रभू’च्या दीर्घ उकाराला जवळजवळ टेकला होता. मराठीत गाणारा माणूस नोटा आणि अक्षरे एकाच नजरेत वाचतो; त्या नजरेला एक कमान संगीताची आणि एक लिपीची, हे वेगळे करून देणे लिहिणाऱ्याचे काम आहे, आणि ते काम कुठलाही दंडाचा आकडा माझ्यासाठी करणार नव्हता.

म्हणून मी सगळ्या पानांवर शब्दांची ओळ अर्ध्या घराने खाली घेतली आणि दोन पंचरेषांमधले अंतर वाढवले. पाचव्या बारच्या टायला थोडी लांबीही दिली. त्याची किंमत अशी झाली की एका पानावर पाच ओळी मावत होत्या तिथे चारच मावू लागल्या, पानांची संख्या वाढली आणि पाने उलटायच्या जागा बदलल्या. ती किंमत मला योग्य वाटते. स्वस्तात छापलेली, गच्च भरलेली गीतपुस्तके आपल्याकडे फार आहेत, आणि मध्येच श्वास तुटलेली गायनवृंदांची गाणीही मी फार ऐकली आहेत. या दोन्हींचा संबंध आहे अशी माझी खात्री होत चालली आहे.

मूळ हस्तलिखित सरांच्या मुलीकडे आहे, हे मला या सगळ्या दुरुस्त्यांच्या मध्ये कळले. एका रविवारी उपासनेनंतर मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी कपाटातून एक फाइल काढली, चहा ठेवला आणि मला टेबलापाशी बसवले. मी आधी सतरावा बार शोधला. छायाप्रतीत जिथे फिकट डाग दिसत होता तिथे मूळ कागदावर काळ्या शाईचा एक खोल, ठाम टाय होता, पंचरेषेच्या पूर्ण बाहेर, मी ठेवला होता त्याहूनही किंचित खाली. त्या दोन नोटा इतर नोटांपेक्षा लांब ठेवलेल्या होत्या. म्हणजे टाय काढायच्या आधीच सरांनी त्याची जागा धरून ठेवली होती. पाचव्या बारमध्ये ‘बापा’ हा शब्द ओळीतल्या बाकीच्या शब्दांपेक्षा थोडा खाली उतरलेला होता. छायाप्रतीवरून लिहिताना तो मला हात हलल्यामुळे वाकडा गेलेला वाटला होता आणि मी तो सरळ करून टाकला होता.

पुढे बत्तिसाव्या बारमध्ये टेनरला ‘ई फ्लॅट’ तेहेतिसाव्या बारमध्ये धरून न्यायचा आहे. बारची रेघ ओलांडून टायने आणलेल्या स्वराला फ्लॅटची खूण पुन्हा देत नाहीत. तो टाय तीही जबाबदारी उचलतो. पण टायच्या मध्येच पान संपले तर त्याचे दोन तुकडे होतात, अर्धी कमान एका पानाच्या शेवटी लोंबकळते आणि अर्धी पुढच्याच्या सुरुवातीला, आणि पान उलटणाऱ्या माणसाला समोर एक साधी ‘ई’ दिसते. अशा वेळी कंसात फ्लॅट पुन्हा लिहून द्यायची रीत आहे, आणि वाढलेल्या पानांच्या माझ्या मांडणीत मी तसे करणारही होते. सरांच्या कागदावर एकतिसावा बार संपल्यावर दोन बोटे पंचरेषा कोरी होती. बत्तिसावा बार त्यांनी पुढच्या पानावर घेतला होता, म्हणजे टेनर पान उलटून मगच तो स्वर घेई आणि अखंड धरून ठेवी.

घरी येऊन मी फाइलीत एकतिसाव्या बारनंतर पान तोडायची आज्ञा लिहिली. सॉफ्टवेअरने आपल्या पद्धतीने त्या शेवटच्या ओळीतल्या नोटा ताणून उजव्या समासापर्यंत पसरवल्या. मी ते ताणणे बंद केले. ओळ आता दोन बोटे आधी संपते, आणि तिच्यापुढे कागद कोरा आहे.